देवडीचे गोदाम होताना : बेगम बाजारातल्या जुन्या घरांच्या फेरबदलाचा आढावा

पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला ‘देवडी’ म्हटले की वाड्याच्या दरवाजाच्या आतल्या अंगाला असलेली पहारेकऱ्यांची जागा आठवते. हैदराबादेत देवडी म्हणजे अख्खे घर, तेही एखाद्या सरदाराचे किंवा सावकाराचे. शब्द एकच, उंबरठ्याचा. मराठीने त्यातला उंबरठा तेवढा ठेवला, दखनीने उंबरठ्यामागचा सगळा पसारा त्यात घातला. ‘हॉल’ या शब्दाचेही असेच झाले. इंग्लंडच्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या जुन्या घरात हॉल म्हणजे जवळजवळ सगळे घरच असे: वर थेट छप्पर दिसणारी एक उंच खोली, मध्ये जमिनीवर पेटलेला विस्तव, त्याभोवती मालक, मुले आणि गडीमाणसे. आपल्या ‘वन बीएचके’तला ‘एच’ त्याच हॉलचा वारसा सांगतो, पण आता त्याचा अर्थ सोफा आणि टीव्ही ठेवायची खोली एवढाच उरला आहे.

माणसांचे जगणे बदलते तशी घरे बदलतात. मग जुन्या घरात कोणता बदल चालेल, कोणता चालणार नाही आणि ते ठरवायचे कोणी, हा प्रश्न उभा राहतो. हैदराबादेत तो निदान तीस वर्षे चर्चेत आहे. या चर्चेत राजवाडे, इस्पितळे, न्यायालये येतात. बाजारातली घरे क्वचित येतात. म्हणून हा आढावा बेगम बाजारापासून सुरू करतो. तिथे घर आणि धंदा एकाच भिंतीला टेकून उभे आहेत आणि जुन्या इमारतीवरचा ताण तिथल्याइतका उघडपणे शहरात फारसा कुठे दिसत नाही.

वस्ती कशी बसली

बेगम बाजार मुसी नदीच्या उत्तर काठावर, जुन्या तटबंदीच्या बाहेर आहे. दुसरे असफजाह निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी ही जमीन व्यापाऱ्यांना दिली आणि त्यावरून बाजाराला नाव पडले. हे निजाम अली म्हणजे १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांसमोर उभे राहिलेले निजाम. नदीपलीकडे तटबंदीचे शहर, आणि जवळच कोठीत १८०३ पासून बांधली गेलेली ब्रिटिश रेसिडेन्सी. या दोहोंच्या मधल्या जागेवर पैशाचा आणि मालाचा बाजार वाढला. आजही सुका मेवा, मसाले, किराणा, भांडी यांच्या घाऊक खरेदीसाठी लोक इथेच येतात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे नांदेड-परभणीकडच्या व्यापाऱ्यांनाही हे गल्लीबोळ परके नव्हते.

एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या पेढ्यांवर इतिहासकार कॅरन लेनर्ड यांनी १९८१ साली एक महत्त्वाचा लेख लिहिला. राज्याला कर्ज देणारे, सैन्याचे पगार भागवणारे आणि त्या बदल्यात महसूल तारण घेणारे हे सावकार दरबारी राजकारणाचेच एक अंग होते, अशी त्यांची मांडणी आहे. १८५३ साली पहिले सालार जंग दिवाण झाले आणि त्यांच्या सुधारणांनंतर हे वजन उतरत गेले. या सावकारांत मारवाडी होते, गुजराती होते आणि गोसावीही होते. गोसावी सावकार म्हटल्यावर पुणेकराला नवल वाटू नये. सोमवार पेठेतले त्रिशुंड गणपतीचे देऊळ भीमगिरजी गोसावी यांनीच १७५४ साली बांधायला घेतले होते. हैदराबादेत गोसाव्यांच्या घराला मठ म्हणत, आणि मठात जपाबरोबर हुंडीही चाले.

मठ आणि हवेली या दोन प्रकारांतला एक फरक मला फार बोलका वाटतो. गोसाव्यांची मालमत्ता मूळच्या रीतीप्रमाणे गुरूकडून शिष्याकडे जाई. व्यापारी कुटुंबाचे घर मुलांकडे जाई, म्हणजे दर पिढीला वाटणीकडे जाई. एका घराला एकच वारस आणि दुसऱ्याला पाच, यावरून त्यांच्या भिंतींचे भवितव्य ठरत गेले असणार. चौकात अर्धवट उंचीची भिंत उभी दिसली की तिच्यामागे बहुधा वाटणीपत्र असते.

पुढे काही गोसावी घराण्यांनी संसार मांडले, मठाची चौकट सोडली आणि युरोपीय धर्तीचे बंगले बांधले. बाजाराशेजारच्या गोशामहालजवळचा ज्ञानबाग हा त्यांपैकी एक, धनराजगीर घराण्याचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. सोलापूरकरांच्या तोंडी असलेली नरसिंग गिरजी मिल आणि मुंबईत गेटवेजवळची धनराज महाल ही १९३०च्या दशकातली इमारत याच घराण्याची. ‘आलम आरा’ची नायिका जुबेदा याच घराण्यात सून म्हणून आली. बेगम बाजाराच्या पेढ्यांतला पैसा कुठवर पोचला होता, याचा यावरून अंदाज यावा.

घराची रचना

बाजारातल्या जुन्या घराचा साचा साधारण असा. रस्त्याला लागून पेढी किंवा दुकान. बाजूने दरवाजा, आत वळणाची वाट, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट आत जात नाही. मग चौक, चौकाभोवती महिरपींची दालाने. वरच्या मजल्यावर कुटुंब, रस्त्याच्या बाजूला सज्जा. चौक हे या घराचे फुप्फुस: उजेड, वारा, पावसाचे पाणी, लग्नाचा मांडव, मालाची मोजदाद, सगळे त्याच्यावर.

भिंती दगड-विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. छताला सागवानी तुळया, तुळयांवर चुन्यात तिरप्या रचलेल्या विटा आणि त्यावर चुना-विटकरीचा ठोकून घट्ट केलेला कोबा. या पद्धतीला मद्रास टेरेस म्हणतात. मराठवाड्यातल्या मातीच्या माळवदापेक्षा ती टिकाऊ, पण तिचा एक दुखरा भाग असतो: भिंतीत गाडलेले तुळईचे टोक. भिंत कोरडी राहिली तर तुळई शंभर वर्षे सहज काढते. भिंतीत पाणी मुरले की सडायला सुरुवात तिथूनच होते, आणि खोलीतल्या माणसाला तुळई वरून धडधाकट दिसत राहते.

या एका तपशिलावर आजच्या वादाचा बराचसा तांत्रिक भाग उभा आहे. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेला ओलावा तो बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते. मालकाला वाटते, भिंत मजबूत केली. प्रत्यक्षात ओल तुळईच्या टोकाकडे सरकलेली असते. जाणकार सिमेंटला विरोध करतात त्याचे कारण हे आहे. जुन्यावरच्या प्रेमाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

बदलांचा इतिहास

या घरांना बदल नवा नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या पुराने नदीकाठच्या वस्त्या धुऊन नेल्या. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास सांगितला जातो. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने वरच्या अंगाला धरणे बांधली गेली आणि १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. मंडळाने रस्ते रुंद केले, आखीव बाजारपेठा उभारल्या. बेगम बाजाराच्या शेजारचे मोअज्जम जाही मार्केट १९३५ सालचे, ग्रॅनाइटचे. दुकाने रस्त्याकडे तोंड करून ओळीत उभी राहिली. लोखंडी तुळया, सिमेंटचे सज्जे, घड्याळ आणि साल कोरलेले दर्शनी कठडे याच काळात आले. आज आपण ज्यांना ‘जुने दर्शनी भाग’ म्हणून जपावेसे म्हणतो, त्यांतले कितीतरी त्याहून जुन्या घरांना चढवलेले नवे मुखवटेच आहेत.

नंतरचा बदल जास्त खोलवर गेला. कुटुंबे वाढली, ऐपत असलेली मंडळी मोकळ्या वस्त्यांकडे राहायला गेली. घर बाजारातच राहिले, पण वरचे मजले माणसांऐवजी मालाने भरू लागले. चौकावर पत्रा आला. दालनांत पोटमाळे आले. दुकानाचे तोंड रुंद करण्यासाठी महिरपीचा खांब काढून लोखंडी गर्डर टाकला गेला.

यातला धोका आकड्यांत सांगता येतो. इमारतीवरच्या भाराविषयीचे भारतीय मानक राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरते आणि घाऊक दुकानासाठी किमान सहाशे किलोचा. बिछाना, कपाट आणि चार माणसे यांच्या हिशेबाने घातलेल्या सागवानी तुळयांवर तिप्पट वजन येते. त्या मोडत नाहीत याचे श्रेय जुन्या सुतारांच्या सढळ हाताला द्यायला हवे. पण ओल आणि ओझे या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्या सढळपणालाही सीमा आहे.

इंग्लंडातल्या शेतघरांवरून

इथे थोडे आडवळण घेतो, कारण जुन्या घरांतल्या फेरबदलांचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो इंग्लंडच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या घरांवर. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ साली मांडले की १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंडने आपली घरे जवळजवळ नव्याने बांधली. उघड्या हॉलमध्ये मधला मजला घातला, जमिनीवरचा विस्तव भिंतीतल्या चुलाण्यात गेला, वर धुराडे आले, धूर नाहीसा झाल्यावर वरच्या खोल्या राहण्याजोग्या झाल्या. १९७७ साली आर. मॅचिन यांनी तारखा तपासून सांगितले की हे एका लाटेत घडलेले नाही. ठिकाणाठिकाणी वेगवेगळ्या वेळी घडले आणि जोर पुढच्या शतकात जास्त होता. मॅथ्यू जॉन्सन यांनी आणखी वेगळा अर्थ लावला: मालक आणि गडी एका विस्तवाभोवती बसत होते ते वेगवेगळ्या खोल्यांत गेले, म्हणजे घराबरोबर नातीही बंद झाली.

बेगम बाजारासाठी यातून काय घ्यायचे? बदल हाच पुरावा असतो, हे. मध्ये घातलेला मजला काढून ‘मूळ’ हॉल परत आणला तर चारशे वर्षांचा इतिहास पुसला जातो. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली ती नेमकी या ‘मूळ रूप परत आणण्या’विरुद्ध. त्यांचा आग्रह होता तो नियमित, लहान, प्रामाणिक दुरुस्तीचा. मॉरिस स्वतः ज्या केल्म्सकॉट मॅनरवर जीव टाकत, तेही मुळात एक शेतघरच होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले आणि सतराव्या शतकात एक बाजू वाढवलेले. ती वाढवलेली बाजू त्यांनी कधी परकी मानली नाही.

कायद्याच्या अंगाने इंग्लंडात १९४७च्या नगररचना कायद्यापासून इमारतींच्या याद्या पक्क्या झाल्या. आज यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक सर्वांत खालच्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या आहेत. साधी शेतघरे मोठ्या संख्येने याच श्रेणीत येतात. यादीतल्या घराचे वैशिष्ट्य ज्याने बिघडेल असा बदल परवानगीशिवाय करणे तिथे गुन्हा आहे, मग तो बाहेरचा असो वा आतला.

तरी तिथेही सगळे सुरळीत नाही. २०१२ पर्यंत यादीतल्या घरात परवानगीने केलेल्या फेरबदलावर मूल्यवर्धित कर शून्य होता आणि साध्या दुरुस्तीवर पूर्ण. म्हणजे मोडतोडीला सवलत आणि डागडुजीला कर! ऑक्टोबर २०१२ पासून फेरबदलावरची सवलत काढली, पण दुरुस्तीवरचा कर तसाच ठेवला. नव्या घराच्या बांधकामावर मात्र तो शून्यच आहे. इतकी जुनी व्यवस्था असलेल्या देशातही पैशाची गाठ सुटलेली नाही, हे आपण लक्षात ठेवलेले बरे.

हैदराबादचा कायदा

भारतात शहरी वारशासाठी वेगळी नियमावली आधी मुंबईला मिळाली, १९९५ साली. त्याच वर्षाच्या अखेरीस हैदराबादने आपल्या विकास नियमांत तेरावा नियम घातला. या नियमाखाली सुमारे दीडशे वास्तूंची यादी झाली आणि वारसा समिती नेमली गेली. यादीतल्या इमारतीत बदल करायचा किंवा ती पाडायची तर समितीचे मत घेणे आवश्यक झाले.

काही वास्तू वाचल्या, काही नाही. चारमिनारच्या परिसरातला मालवाला महाल यादीत असूनही २००० साली बराचसा पाडला गेला आणि नियमाच्या मर्यादा सगळ्यांसमोर आल्या. डिसेंबर २०१५ मध्ये तेलंगण सरकारने तेरावा नियमच काढून टाकला. २०१७ साली राज्याचा नवा वारसा कायदा आला. या मधल्या काळात आधीच्या यादीतल्या खासगी घरांचे नेमके स्थान काय, यावर गोंधळ झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने इर्रम मंझिल ही जुनी वास्तू पाडून तिथे विधानसभा बांधण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय रद्द केला. वारशाच्या बाजूने लागलेला हा महत्त्वाचा निकाल. पण इर्रम मंझिल सरकारच्या ताब्यातली होती, तिला वाटणी मागणारे भाऊ नव्हते. त्या निकालाचा हात बाजारातल्या घरापर्यंत सहज पोचत नाही.

सार्वजनिक इमारतींत यशाची उदाहरणे आहेत. रेसिडेन्सीची दीर्घकाळ चाललेली दुरुस्ती, ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा खुले झालेले मोअज्जम जाही मार्केट. त्या मार्केटची कहाणी तर थेट आपल्या विषयाची आहे. फळांचा घाऊक बाजार १९८०च्या दशकात तिथून हलला, आणि मग रंगाचे थर, पत्रे, वेड्यावाकड्या तारा यांखाली दगड झाकत गेला. तो परत मोकळा करताना नवे काही जोडावे लागले नाही, वर चढलेले काढावे लागले.

कोण काय म्हणते

जतनाच्या बाजूची मंडळी, म्हणजे इन्टॅकसारख्या संस्था, वास्तुरचनाकार, शहराचे इतिहासकार, म्हणतात की हैदराबादने आपल्या देवड्या जवळजवळ गमावल्या आहेत. राणी शर्मा यांच्या देवड्यांवरच्या २००८ सालच्या इंग्रजी पुस्तकाच्या उपशीर्षकातच ‘हरवलेला वारसा’ असे शब्द आहेत. त्यांचा मुद्दा असा की राजवाडे उरले तरी त्यांच्याभोवतीचे घरांचे कापड फाटले तर शहर समजत नाही. बाजारातल्या घराची किंमत एकेका नक्षीत नसते, ती ओळीत असते.

मालकांचे म्हणणे तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवे. घरावर अनेक वारसांची नावे, खाली जुन्या भाडेकरूंचे भाडे नाममात्र, चुन्याचे काम करणारा मिस्त्री शोधूनही सापडत नाही, आणि यादीत नाव गेले की विकायला गिऱ्हाईक मिळत नाही. वारसा सगळ्या शहराचा असेल तर खर्च एकट्या कुटुंबाने का करावा, या त्यांच्या प्रश्नाला अजून कोणी सरळ उत्तर दिलेले नाही. मुंबईने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकण्याची मुभा, देऊन काही भरपाईची वाट काढली, तिचा उपयोग मोठ्या भूखंडांना जास्त झाला. साठ-सत्तर चौरस मीटरच्या चिंचोळ्या घराचा हक्क विकून होणार तरी किती?

तिसरी बाजू सुरक्षिततेची. दर पावसाळ्याआधी महापालिका मोडकळीस आलेल्या इमारती शोधून नोटिसा देते. १८ मे २०२५ रोजी चारमिनारजवळ गुलजार हौज इथे आग लागली. खाली दुकाने आणि वर कुटुंब, अशी जुनी इमारत. आत-बाहेर जाण्याची वाट अरुंद. त्यात १७ जणांचा जीव गेला, त्यांत लहान मुले होती. त्या दिवसानंतर बाजारातल्या जुन्या घरांवर बोलताना कोणालाही हा मुद्दा बाजूला ठेवता येत नाही, ठेवूही नये. पण त्यातून निघणारा निष्कर्ष एकच नाही. अभियंत्यांतले काही जण म्हणतात, अशा इमारती उतरवा. दुसरे म्हणतात, धोका जुन्या चुन्याच्या भिंतीत नाही. तो वाढवलेल्या विजेच्या भारात, बंद केलेल्या चौकात आणि अडवलेल्या वाटेत आहे. उघडा चौक धूर बाहेर सोडतो, पत्र्याने झाकलेला चौक तो साठवतो. मला स्वतःला दुसऱ्या म्हणण्यात तथ्य जास्त दिसते. मात्र प्रत्येक इमारत तपासल्याशिवाय हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

चौथी बाजू नव्या वापराची. पुण्याचे वाडे, पणजीचे फोंतैन्हास, २०१७ साली जागतिक वारशाचा मान मिळालेले अहमदाबाद, सगळीकडे जुन्या घरांत अतिथीगृहे, उपाहारगृहे, दालने निघाली आहेत. बेगम बाजारात हा उपाय तसाच्या तसा बसणार नाही. तिथे घर ओस पडलेले नाही, ते जास्तीच भरले आहे. तिथे घराला नवे काम शोधायचे नाही. आहे ते काम घराच्या तब्येतीला झेपेल असे करायचे आहे.

काय सुटलेले नाही

पहिला न सुटलेला प्रश्न बाजाराचाच आहे. घाऊक व्यापार शहराबाहेर न्यावा का? बाजूने बोलणारे ट्रकांची कोंडी आणि गोदामांचा भार दाखवतात. विरोधक सांगतात की व्यापार गेला की घरे वाचतील हा भ्रम आहे, मोअज्जम जाहीला फळबाजार गेल्यावरच उतरती कळा लागली. शेजारच्या गोशामहालमध्ये जानेवारी २०२५ मध्ये उस्मानिया रुग्णालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी झाली. त्यामुळे रुग्णालयाची मुसीकाठची जुनी इमारत, जी पाडायची की ठेवायची यावर दहा वर्षे वाद चालला, तिच्यावरचा दबाव कमी होईल. गोशामहाल आणि बेगम बाजाराच्या रस्त्यांवरचा मात्र वाढेल. नवे इस्पितळ म्हणजे औषधांची दुकाने, खानावळी, लॉज, आणि त्यांच्यासाठी जागेची मागणी. ती मागणी पहिल्यांदा येईल ती याच जुन्या घरांच्या दारात.

दुसरा प्रश्न दर्शनी भागाचा. पुढची भिंत ठेवून मागे नवे संकुल बांधणे हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. मालकाला मजले मिळतात, रस्त्याला चेहरा मिळतो. टीकाकार विचारतात, चौक गेला तर घरात उरले काय? बेगम बाजाराच्या घराचा आत्मा चौकात आहे असे मानणाऱ्यांना हा तोडगा मान्य होणे कठीण. चेहराच महत्त्वाचा मानणाऱ्यांना तो पुरेसा वाटतो. मला वाटते, घराघराप्रमाणे उत्तर वेगळे असेल. ज्याचा चौक शाबूत आहे त्याला हा मार्ग लावू नये. ज्याचा चौक पन्नास वर्षांपूर्वीच भरला, तिथे चेहरा वाचला तरी खूप.

तिसरा प्रश्न हातांचा. चुन्याची घाणी, चुना महिनोन् महिने भिजवण्याची सवय, त्यात गूळ-हिरडा घालण्याचे प्रमाण, हे ज्यांना येते ते कारागीर राजवाड्यांच्या आणि दर्ग्यांच्या मोठ्या कामांत गुंतलेले असतात. एका गाळ्याच्या दुरुस्तीसाठी त्यांना बोलावणे परवडत नाही. मोहल्ल्यातल्या पाच-दहा घरांनी मिळून काम काढले तर परवडेल, पण पाच-दहा मालकांना एकत्र आणणारी यंत्रणा नाही.

आणि चौथा प्रश्न, जो माझ्या मते बाकीच्यांच्या मुळाशी आहे, नोंदीचा. इंग्लंडात हॉस्किन्स आणि मॅचिन यांना वाद घालता आला, कारण त्यांच्यासमोर घराघराच्या नोंदी आणि तारखा होत्या. हैदराबादच्या यादीतल्या वास्तू बहुतेक एकेकट्या आणि भव्य आहेत. बाजारातल्या साध्या घराचा चौक किती लांब, तुळई किती जाड, पोटमाळा कधी घातला, महिरप कोणत्या साली भरली, याची घराघराने नोंद नाही. मग जतनवाले सगळेच वाचवा म्हणतात आणि पालिका सगळेच धोकादायक म्हणते. दोघांकडेही घर नसते, घराविषयीची समजूत असते. मोजमाप झाले तर निम्मे वाद तिथेच मिटतील असे माझे मत आहे. कोणत्या घरातून फक्त माल उतरवला की ते पुढची पन्नास वर्षे उभे राहील आणि कोणते खरोखरच उतरवायला हवे, हे तेव्हाच कळेल.

ही नोंद सरकारची वाट न पाहताही सुरू करता येते. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फीत आणि कागद घेऊन एक घर मोजायला दोन-तीन दिवस पुरतात. म्हणून बेगम बाजारात, किंवा नांदेडला, पैठणला, वाईला, कुठेही ज्यांच्या नावावर असे जुने घर आहे त्यांना एक विनंती. घर ठेवायचे की पाडायचे हा निर्णय तुमचा आहे. पण मिस्त्रीला बोलावण्याआधी ते मोजून घ्या, प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढा, भिंत कोणी आणि केव्हा घातली हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात किंवा वास्तुकला महाविद्यालयात द्या.